जुन्या जीपला टर्बो इंजिन : सायलेन्सर पाईप कसा बांधावा?

आमचा धंदा कापडाचा. पालमच्या बाजारात दुकान आणि चाटोरी, बनवस, गंगाखेड, लोहा अशा आजूबाजूच्या बाजारांना माल पोहोचवणे, हा आमच्या घराचा जुना रिवाज. कापडवाल्याने लोखंडी पाईपावर लिहावे, याचे वाचक बांधवांना नवल वाटेल. पण ज्या गोष्टीत आमचे नुकसान झाले आणि ज्या गोष्टीतून आम्ही चार शहाणपणाच्या बाबी शिकलो, ती आपल्या कारागीर बांधवांच्या रोजच्या कामाची आहे. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, सायलेन्सर दुरुस्ती, इंजिनकाम या धंद्यांत आपले कितीतरी लोक आहेत. त्यांच्या हातात हुनर आहे, पण त्या हुनराचा हिशोब कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हा धडा.

प्रथम झालेली हकीकत सांगतो. आमच्याकडे एक जुनी जीप होती, महिंद्राची, विलीज पद्धतीची. ही गाडी म्हणजे आपल्या देशाच्या मोटार धंद्याचा एक दाखलाच आहे. १९४५ साली लुधियान्यात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी 'महिंद्रा अँड मोहंमद' या नावाने पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने विलीज जीप आपल्या रस्त्यांवर आणली. तिचे मूळ इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडर, सुमारे २२०० सी.सी. चढाला जोरकस, पण पेट्रोल पिण्यातही तितकेच जोरकस. बाजाराच्या फेऱ्यांना ते परवडेना. म्हणून २०१२ साली आम्ही अपघातात सापडलेल्या एका गाडीचे टर्बो डिझेल इंजिन विकत घेतले आणि एका मोठ्या गावच्या वर्कशॉपमध्ये ते जीपला बसवून घेतले.

इंजिन चांगले बसले. गिअर बॉक्स जुळला, रेडिएटर जुळला. सायलेन्सर पाईपाकडे मात्र कुणी नीट पाहिले नाही. "पाईप काय, शेवटी धूर बाहेर गेला म्हणजे झाले," असे आम्हाला सांगितले गेले आणि आम्हीही मान डोलावली. पेट्रोल इंजिनाचाच जुना दीड इंची पाईप कापून टर्बोच्या तोंडाला वेल्ड केला आणि मागे चॅसिसला लोखंडी क्लॅम्पने घट्ट आवळला. चौथ्या महिन्यात गंगाखेड रस्त्यावर फटफट आवाज सुरू झाला. मागे गठ्ठ्यांजवळ बसलेल्या आमच्या पुतण्याचे डोके जड झाले, त्याला उलट्या झाल्या. गाडी थांबवून पाहिले तर टर्बोच्या फ्लँजमागे पाईप अर्धा फाटलेला, धूर फरशीच्या फटीतून वर येत होता, ताडपत्री जळत होती आणि दोन गठ्ठ्यांना आच लागलेली. कापड गेले त्याचे दुःख नाही. पोर मोकळ्या हवेत सावरले, हेच मोठे.

पुढे पालममधील एका कारागिराने तो पाईप नव्याने बांधला. लोक त्याला उस्ताद म्हणतात. आम्ही तीन दिवस त्याच्या शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला विचारले, "सेठ, तुम्ही कुर्ता शिवताना शिवणीला माया सोडता ना? मग लोखंडाला का सोडली नाही?" संपूर्ण धडा या एका प्रश्नात आहे. तो आता क्रमाने पाहू.

टर्बो म्हणजे काय आणि पाईप महत्त्वाचा का?

साध्या इंजिनातला धूर फुकट बाहेर जातो. टर्बो त्या धुराकडून काम करून घेतो. धुराच्या जोराने एक छोटे चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल चांगले जळते आणि ताकद वाढते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची, त्याचे पेटंट १९०५ सालचे. हे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते.

यातून पाईपाचे दोन भाग पडतात. टर्बोच्या आधीचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. तेथे दाब आणि उष्णता सर्वांत जास्त. भार असताना डिझेलचा धूर तेथे ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पेट्रोल टर्बोत त्याहूनही वर. टर्बोच्या नंतरचा भाग म्हणजे आपण बांधतो तो पाईप. टर्बोने काम करून घेतल्यामुळे तेथे उष्णता थोडी उतरते, पण हात लावण्याजोगी मुळीच नसते.

चाक फिरते ते दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावर. म्हणून टर्बोनंतरचा पाईप जितका मोकळा तितका टर्बो खुशीने फिरतो. पुढे रस्ता अरुंद केला तर धूर मागे दाबला जातो, टर्बो तापतो, डिझेल जास्त लागते आणि गाडी काळा धूर टाकते. आमच्या जीपला नेमके हेच झाले होते.

पाईपाचे माप निवडताना घेराकडे नव्हे, तोंडाच्या क्षेत्रफळाकडे पाहावे. दीड इंची तोंडाचे क्षेत्रफळ १.७७ चौरस इंच, दोन इंचीचे ३.१४ आणि अडीच इंचीचे ४.९१. म्हणजे अर्धा इंच वाढवला तर वाट पावणेदोन पटीहून अधिक मोकळी होते. साधा नियम असा की, ज्या गाडीचे इंजिन आणले त्या गाडीच्या कंपनीने टर्बोमागे जो पाईप दिला असेल, त्याहून बारीक पाईप कधीही घालू नये. अडीच लिटरच्या आसपासच्या साध्या टर्बो डिझेलला दोन इंची पाईप सामान्यतः पुरतो. त्याहून फार मोठा पाईप घालून जीपखाली जागा अडवण्यातही फायदा नाही.

टर्बोच्या आधी हात लावू नये

पहिला सल्ला नकाराचा आहे. मॅनिफोल्ड इंजिनाबरोबर आलेला बिडाचाच ठेवावा. जागा जुळत नाही म्हणून पत्र्याचा किंवा पाईपाचा मॅनिफोल्ड वेल्ड करण्याचा मोह होतो. वेल्डिंगचा मळ, गोळ्या, आतली खपली सुटली तर ती थेट टर्बोच्या चाकावर आदळते. लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढा कण म्हणजे गोळीच. टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा चॅसिसला अडत असेल तर इंजिन माउंटिंगची जागा बदलावी, पण मॅनिफोल्ड कापू नये.

कोणते लोखंड घ्यावे?

साधा एम.एस. पाईप स्वस्त, वेल्डिंगला सोपा, पण गंजतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी. जाडीचा घ्यावा. पातळ पाईप वेल्डिंगच्या कडेला लवकर फाटतो. स्टेनलेसमध्ये ३०४ हा प्रकार गंजाला चांगला, पण महाग आणि तापल्यावर जास्त फुगणारा. गाड्यांच्या कंपन्या बहुधा ४०९ प्रकार वापरतात. तो स्वस्त, कमी फुगणारा, फक्त वरून थोडा तांबूस होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भंगार बाजारात चुंबक लावून पाहतात आणि चिकटला की "हे स्टेनलेस नाही" म्हणून टाकून देतात. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही हे खरे, पण ४०९ ला चांगला चिकटतो आणि सायलेन्सरसाठी तोच योग्य आहे. उलट २०२ प्रकारालाही चुंबक चिकटत नाही, म्हणून तो ३०४ च्या नावाने विकला जातो. कापडात जशी टेरिकॉट आणि सुती यांची पारख सूत जाळून करतात, तशी येथे केवळ चुंबकाने होत नाही. बिल पाहावे, पाईपावरचा छापा पाहावा.

जी.आय. पाईप मात्र अजिबात वापरू नये. पाण्याच्या कामातून उरलेला तुकडा हाताशी असतो आणि फुकट वाटतो. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर चव येते. कारागीर म्हणतो हवा बाधली, पण तो जस्ताचा ताप असतो. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, म्हणजे टर्बोजवळ तो थर टिकतही नाही. स्टेनलेसच्या वेल्डिंगचा धूरही फुप्फुसांना घातक आहे. शेड उघडी ठेवावी, पंखा पाठीमागून नव्हे तर बाजूने लावावा.

आधी गाडी पूर्ण, मग पाईप

उस्तादने पाईपाला हात लावण्याआधी एक दिवस नुसता गाडी पाहण्यात घालवला. इंजिन माउंटिंगचे बोल्ट कायमचे आवळले आहेत का? स्टिअरिंगचा दांडा, क्लचची जोडणी, ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग हे सर्व आपापल्या जागी बसले आहे का? पाईप हा शेवटी बसणारा माणूस आहे. बाकी सगळे बसल्यावर जी जागा उरते ती त्याची. आधी पाईप बांधला की ब्रेकची नळी त्याच्या कडेने न्यावी लागते, आणि उकळलेल्या ब्रेक ऑइलने ब्रेक लागत नाही.

या जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. म्हणून पाईप शक्यतो टाकीच्या विरुद्ध बाजूने काढावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धुराचा पाईप इंधनाच्या नळीपासून ३५ मि.मी. च्या आत असू नये. आम्ही म्हणतो, दोन बोटांवर समाधान न मानता चार बोटे जागा सोडा. जेथे सोडता येत नाही तेथे मध्ये पत्र्याची आड लावा, पण ती पाईपाला चिकटलेली नको. आड आणि पाईप यांमध्ये हवा खेळली पाहिजे. उष्णता अडवते ती हवाच, पत्रा नव्हे.

टर्बोला तेल देणारी आणि तेल परत नेणारी अशा दोन नळ्या असतात. परत जाणारी नळी सरळ उताराने खाली गेली पाहिजे. पाईपासाठी जागा करताना ती वाकवली तर टर्बोत तेल साचते आणि धुरातून निळसर जळू लागते. मग टर्बो खराब झाला म्हणून ओरड होते, दोष मात्र वाकवलेल्या नळीचा असतो.

माप आणि काप

शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी कागदाचा नमुना कापतो. येथे तोच रिवाज आहे. जाड तार किंवा सहा-आठ मि.मी.ची सळई टर्बोच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत वाकवून घ्यावी. प्रत्येक वळणावर खडूने खूण करावी. मग त्या नमुन्यावर पाईप जुळवावा.

वळणासाठी तयार बेंड मिळाले तर उत्तम. मिळाले नाहीत तर दोन मार्ग आहेत. एक, पाईपात वाळू ठासून, गॅसने तापवून वाकवणे. वाळू आधी कढईत पूर्ण कोरडी भाजून घ्यावी. ओल्या वाळूची वाफ होऊन डाट गोळीसारखा उडतो. दुसरा मार्ग कळ्यांचा. आपल्या कळीदार कुर्त्यात जशा तिरक्या कापलेल्या कळ्या जोडून घेर साधतात, तसे पाईपाचे तिरके तुकडे जोडून वळण साधायचे.

त्याचा हिशोब असा. ९० अंशांचे वळण सहा जोडांत घ्यायचे असेल तर प्रत्येक जोड १५ अंश वळतो आणि प्रत्येक काप साडेसात अंशांचा येतो. सहा जोडांमध्ये पाच कळ्या लागतात. दोन इंची पाईप असून वळणाची त्रिज्या पाईपाच्या दीडपट, म्हणजे तीन इंच धरली, तर प्रत्येक कळी बाहेरच्या बाजूने सुमारे २७ मि.मी. आणि आतल्या बाजूने सुमारे १३ मि.मी. भरते. हे माप पत्र्यावर कोरून शेडच्या भिंतीला टांगून ठेवावे. एकदाच काटकोनात कापून दोन तुकडे जोडणे सोपे, पण तेथे धूर भिंतीवर आपटतो आणि टर्बोमागेच वाट अडते.

कापाच्या कडा आतून घासून गुळगुळीत कराव्यात. दोन तुकड्यांमध्ये उजेड दिसता कामा नये. फट मोठी असली की कारागीर रॉडने ती भरतो, आणि भरलेली जागाच पुढे फाटते. शिवणीतही जेथे कापड अपुरे पडले म्हणून ओढून शिवले, तेथेच उसवते.

टाके आणि वेल्डिंग

फ्लँज आठ ते दहा मि.मी. जाडीच्या प्लेटची असावी. पातळ फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडी होते आणि मग गॅस्केट कितीही बदला, गळती थांबत नाही. वेल्ड करताना फ्लँज दुसऱ्या जाड प्लेटला बोल्टने आवळावी, पूर्ण गार होईपर्यंत सोडू नये. नंतर सपाट काचेवर किंवा प्लेटवर ठेवून डुगडुगते का पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. टर्बो जागेवर असताना त्याला जोडलेल्या पाईपावर पूर्ण वेल्डिंग करू नये. वेल्डिंगचा करंट टर्बोच्या दांड्यातून आणि बेअरिंगमधून गेला तर ती बेअरिंग तेथेच खराब होते. गाडीवर फक्त टाके मारावेत, तेही बॅटरीच्या दोन्ही वायर काढून आणि अर्थिंगचा चिमटा थेट त्याच पाईपाला, टाक्याच्या जवळ लावून. त्याहून चांगले म्हणजे टर्बोच्या तोंडाच्या मापाची एक खोटी फ्लँज स्टँडवर बांधून तिच्यावरच काम करावे.

एका जोडाला चार टाके मारावेत, समोरासमोर. मग पाईप उतरवून टेबलावर पूर्ण वेल्डिंग. तेही एकाच दमात गोल फिरून नव्हे. एक चतुर्थांश येथे, मग त्याच्या समोर, असे. एका बाजूनेच केले तर पाईप त्या बाजूला ओढला जातो. स्टेनलेस असेल तर आर्गन वेल्डिंग करावे आणि पाईपाच्या आतूनही आर्गन सोडावा, नाहीतर आतला जोड साखरेसारखा खरखरीत आणि कच्चा राहतो. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८ एल फिलर आणि स्टेनलेसला साधे लोखंड जोडताना ३०९ एल फिलर वापरतात. चुकीचा रॉड वापरला तर जोड दिसायला चांगला, पण कडेला तडा जातो.

माया कशी सोडावी?

आमच्या पाईपाचा खरा दोष येथे होता. साधे लोखंड ४०० अंश तापले तर एक मीटर पाईप सुमारे पावणेपाच मि.मी. लांब होतो. ३०४ स्टेनलेस जवळजवळ सात मि.मी. एका टोकाला टर्बो, दुसऱ्या टोकाला चॅसिसचा घट्ट क्लॅम्प, मग वाढलेली लांबी जाणार कोठे? ती सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे वेल्डिंगच्या कडेला फाडून बाहेर पडते.

दुसरे कारण हालचालीचे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. रेस दिली की ते झुलते. चॅसिस झुलत नाही. तिसरे कारण वजनाचे. दोन इंची, १६ गेजचा पाईप मीटरला सुमारे दोन किलो भरतो. तीन मीटर पाईप आणि वर सायलेन्सर असे सर्व टर्बोच्या फ्लँजवर लटकले, आणि रस्ता आपल्याकडचा, तर काय होणार?

उस्तादने केलेली व्यवस्था अशी, ती जशीच्या तशी लिहून ठेवावी :

१. टर्बोमधून खाली उतरणाऱ्या पाईपाला पहिला आधार गिअर बॉक्सच्या घराला दिला, चॅसिसला नाही. त्यामुळे इंजिन, टर्बो आणि पाईपाचा तो भाग एकत्र झुलतात.

२. त्या आधारानंतर लगेच जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा. तो सरळ असावा, ओढलेला किंवा पिळलेला नसावा. वाकडेपणा लपवण्यासाठी तो वापरू नये. ती माया आहे, ठिगळ नव्हे.

३. फ्लेक्सिबलच्या मागचा सर्व पाईप चॅसिसला रबराच्या हँगरवर टांगला. कोठेही लोखंडाला लोखंड घट्ट आवळले नाही.

४. सायलेन्सरच्या पुढे आणि मागे एकेक हँगर, म्हणजे सायलेन्सरचे वजन जोडावर येत नाही.

काही ठिकाणी पाईपाला कापडी पट्टा गुंडाळतात. त्याने उष्णता आत राहते हे खरे, पण पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि साधे लोखंड आतून गंजून जाते. अॅस्बेस्टॉसची दोरी जुन्या शेडमध्ये अजूनही पडलेली आढळते. तिला हात लावू नये. तिची धूळ वर्षानुवर्षांनी फुप्फुसांचा कर्करोग देते.

तपासणी

गार पाईपाचे मागचे तोंड चिंधीने बंद करून पुढून ब्लोअरने हवा सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की गळती. मग गाडी उघड्यावर चालू करावी, शेडमध्ये दार लावून कधीही नाही. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून, गार झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. आठवड्यानंतर पुन्हा पाहावे. जोडाभोवती काळी रेघ दिसली तर ती काजळी आहे, तेथे धूर निघतो आहे.

पाईपाचे मागचे तोंड बॉडीच्या बाहेर गेले पाहिजे. नियमाप्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये, मागे किंवा उजवीकडे सोडावा. ताडपत्रीच्या जीपमध्ये मागची हवा आत खेचली जाते, म्हणून तोंड बॉडीखालीच संपवणे म्हणजे धूर माणसांच्या अंगावर सोडणे. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले आहे. आमच्या पुतण्याची उलटी ही चेतावणी होती.

तरुण मुले येऊन सांगतात, सायलेन्सर काढून नुसता पाईप लावा, आवाज आला पाहिजे. टर्बोमुळे आवाज थोडा दबतो, तरी सायलेन्सर कायद्याने सक्तीचा आहे. अशा कामाला नकार द्यावा. एका गिऱ्हाइकाच्या हौसेपायी साऱ्या मोहल्ल्याची झोप घालवणे हा धंदा नाही.

जे आम्ही शेवटी केले, ते आपण आधी करावे

पाईप उत्तम झाला. वर्षानुवर्षे एक टाकाही उसवला नाही. पण एक दिवस विम्याच्या कामाला आरसी बुक काढले, तर त्यावर इंधन पेट्रोल आणि जुन्याच इंजिनाचा नंबर. इंजिन बदलताना आरटीओची मंजुरी घेतलीच नव्हती. वर्कशॉपने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाहून आरसीतील तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर पाळण्याचा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे जुने इंजिन भंगारात विकले की तो दरवाजाही बंद. आम्ही ते विकले होते.

ती जीप आता रस्त्यावर नाही. आमच्या शेतात उभी असते, बांधापर्यंत खताची पोती नेते. पाईप अजून शाबूत आहे, कागद नाही. म्हणून कारागीर बांधवांना विनंती आहे की, करवत उचलण्याआधी गिऱ्हाइकाकडे आरटीओच्या मंजुरीचा कागद मागा. नसेल तर त्याला पहिल्यांदा परभणीला आरटीओत पाठवा. एक गिऱ्हाईक जाईल, पण दहा जण सांगतील की अमुक माणूस आपले नुकसान होऊ देत नाही.

धंद्याचा हिशोब

असे काम अंदाजे रकमेत घेऊ नये. पाईप किती मीटर, फ्लँज किती, फ्लेक्सिबल, हँगर, सायलेन्सर, गॅस्केट, रॉड, डिस्क, गॅस, वीज हे सर्व वेगळे लिहावे. मजुरी तासावर लावावी आणि माप घेण्याचा दिवसही मजुरीत धरावा. उस्तादचे तीन दिवस लागले, त्यातला एक नुसता पाहण्याचा होता. ज्यांनी आम्हाला अर्ध्या दिवसात पाईप लावून दिला, त्यांनी तोच दिवस वाचवला होता आणि त्याची किंमत आम्ही दोन गठ्ठे कापडाने भरली. आठवड्यानंतर पुन्हा तपासणीला गाडी आणण्याची अट पावतीवरच लिहावी.

आणि हे हुनर जीपपुरते नाही. जनरेटर, बोअरवेलचा कॉम्प्रेसर, हार्वेस्टर, ट्रॅक्टर, पिकअप गाड्या, अशा आज अनेक डिझेल इंजिनांना टर्बो आहे आणि सर्वांचे पाईप कधी ना कधी फाटतात. तेथे इंजिन बदलायचे नसते, मूळ मापाचा पाईप नीट बांधायचा असतो, म्हणून कायद्याची अडचण येत नाही. ज्वारी-सोयाबीनच्या हंगामात हार्वेस्टर एक दिवस उभे राहिले तर मालकाचे किती नुकसान होते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्या वेळी गंगाखेड-परभणीपर्यंत न धावता गावातच योग्य माप, योग्य लोखंड आणि योग्य माया सोडून पाईप बांधून देणारा हात मिळाला, तर त्या हाताला काम कमी पडणार नाही. आपल्या शेडच्या भिंतीवर वरील मापे आणि चार मुद्दे लिहून लावा, आणि शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी वेल्डिंग नव्हे, माप घ्यायला शिकवा.